चष्मा बदलून बघ

भाच्याला घरात सगळे पंडित म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. दोन माणसं निवांत बसलेली दिसली की याचं प्रवचन सुरू. कंपन्यांचं मिंधं कशाला व्हायचं? कॉम्प्युटर चालवायला लिनक्स घ्या! फुकट आहे, आपल्या हक्काचं आहे, जुनं यंत्रसुद्धा त्यावर पळतं! ऐकणारे जांभया देत उठून जायचे. मनावर घेतलं एकट्या मावशीनं. तिच्या जुन्या लॅपटॉपवर त्यानं गेल्या वर्षी लिनक्स चढवून दिलं, चहा प्यायला, शाबासकी घेतली आणि निघून गेला.

आणि आज सकाळी मावशीचा फोन. "लॅपटॉप घेऊन जा रे. कुणाच्या उपयोगी पडला तर दे. मी काम सोडलं."

मावशी एका छापखान्याची प्रुफं तपासायची. सव्वीस वर्षं. आधी कागदावर, मग पडद्यावर. तिच्या नजरेतून काना-मात्रा निसटली असं छापखान्यात कुणी कधी म्हणालं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा ती जेवता जेवता काढायची, आणि यजमानांना सांगायचीही.

"सोडलंस? अगं, पण का?"

"डोळे गेले माझे. मागच्या पुस्तकात ढीगभर चुका राहिल्या. मालक चांगले आहेत, काही बोलले नाहीत. पण मला कळायला नको?"

पंडित दुपारी तिच्याकडे पोचला. लॅपटॉप पुसून, वायर गुंडाळून तिनं टेबलावर तयार ठेवला होता. तिच्या फायली काढून घ्याव्यात म्हणून त्यानं तो चालू केला, आणि पडद्यावर वाकून बघायला लागला.

अक्षरं फोफशी झालेली. आडवी ताणलेली, कडांना फेसाळलेली. अनुस्वार वरच्या रेघेत बुडालेले. रफार आहे की मात्रा, सांगायची सोय नाही. तिशीतल्या त्याच्या डोळ्यांनाही ओळ लागेना.

"मावशी, हे असंच दिसायचं?"

"गेल्या वर्षापासून. तुला फोन केला होता की मी. तू म्हणालास, स्क्रीन ठीक आहे, वयाप्रमाणे होतं असं, चष्मा बदलून बघ."

म्हणाला होता. चांगलं आठवत होतं त्याला. ऑफिसच्या जिन्यात, घाईत, एका हातात डबा. येऊन बघणं सोडाच, पडद्याचा एक फोटो पाठव असंही त्यानं म्हटलं नव्हतं.

"दोन चष्मे केले," मावशी स्वयंपाकघरातून सांगत होती. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बाई, डोळे ठणठणीत आहेत. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय! आमचा पंडित उगाच सांगेल का?"

त्यानं सेटिंग उघडली. पडद्याच्या मापांच्या यादीत एकच माप, तेही चुकीचं, आणि बदलायला जागाच नाही. मग लॅपटॉप बंद करून चालू करताना त्यानं सुरुवातीची आज्ञांची ओळ उघडली. ओळीच्या शेवटी एक शब्द होता. त्यानं स्वतः लिहिलेला.

लिनक्स चढवताना त्या दिवशी पडदा काळाठिक्कर पडला होता. तेव्हा त्यानं तो शब्द घातला. चित्राच्या चिपला हात लावू नकोस, जमेल तसं दाखव, एवढाच त्याचा अर्थ. काम झालं की तो काढायचा असतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण तेवढ्यात चहा आला होता.

त्यानं शब्द काढला. परत येऊ नये म्हणून फाइलमधूनही पुसला. पुन्हा चालू केलं. पाच मिनिटं लागली नसतील. पडद्यावर मावशीचं शेवटचं प्रूफ उघडलं, अक्षर न् अक्षर लख्ख.

"मावशी, जरा ये."

ती पदराला हात पुसत आली, बसली, आणि बघतच राहिली. "अगंबाई! हा अनुस्वार बघ! अन् हा रफार... मला दिसतंय रे!" तिचे डोळे भरून आले. "काय जादू केलीस? यंत्रच म्हातारं झालं होतं ना?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. बाई स्वतःच वाट करून देत होती. त्याला भयंकर मोह झाला, हे खरं.

"यंत्राला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "मी एक गोष्ट घालून विसरलो होतो. तू फोन केलास तेव्हाही बघितलं नाही. चूक सगळी माझी."

मावशीनं आपला मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "मालकांना फोन लाव."

त्यानं लावला, आवाज मोठा केला, आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मालक हळहळले. "अहो, मी बाईंना किती विनवलं! पण त्या ऐकेनात. शेवटी सोमवारी दुसऱ्या बाईंना शब्द दिला. वर्षभराचं काम आहे, आता कुठल्या तोंडानं काढून घेऊ? पुढं काही आलं तर बघू."

फोन बंद झाला. पंडित शिव्या खायच्या तयारीनं बसला. चार ऐकवल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस," मावशी म्हणाली. "तुझं नाव काढलं की ताईचा चेहरा फुलतो."

"नाही, मी सांगणार आहे तिला. आजच."

"कशाला?" मावशीनं पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं. "काम माझं गेलं, आता झोप तिची उडवायची? तुला हलकं वाटावं म्हणून?"