रूपरावांनी मला आराम दिला

मित्रांनो, हिंगणघाटच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली घुरघुरणारा म्हातारा डीप फ्रीझर दिसला, तर तो मीच. आधी हिरालालशेठच्या दुकानात कुल्फी सांभाळायचो. १९९६ साली शेठनी मला कॉलेजला दिलं. प्राचार्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि पुन्हा इकडे फिरकले नाहीत.

माझ्या जगण्याला अर्थ आला तो एम.एस्सी.च्या मयुरीमुळे. पेशीत डीएनएचा धागा प्रथिनांच्या बॉबिनांवर गुंडाळलेला असतो. काही एन्झाइमं तो सैल करतात, मग जनुक कामाला लागतं. असं एक एन्झाइम तिनं कपाशीच्या कोंबांतून काढून माझ्या पोटात ठेवलं. हैदराबादला पीएच.डी.ची मुलाखत होती, तिथं स्वतःचा प्रयोग दाखवायचा होता.

२००४ची खंडेनवमी. शिपाई रूपरावांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि प्लग काढला. "वर्षभर राबते बिचारं. दोन दिवस आराम करू दे."

दसऱ्यानंतर मयुरीनं झाकण उघडलं, तर सगळं पाणी. तपासलं, एन्झाइम निकामी. मुलाखतीला नऊ दिवस. तिच्या मार्गदर्शक सुमती मॅडम रूपरावांवर तुटून पडल्या, मेमो देते म्हणाल्या. रूपराव खाली बघत बोलले, "बाई, आतमंदी काय हाये, हे मले आठ वर्षांत कोनी सांगतलंच नाई."

मयुरीनं स्टूल ओढलं. "काका, बसा." तिनं बोटाला दोरा गुंडाळला. "हे बॉबिन समजा." रूपरावांनी तरुणपणी मिलमध्ये काम केलेलं, त्यांना झटकन कळलं. म्हणाले, "मंग सरकी मी पेरतो."

चार दिवसांत कोंब आले. लोडशेडिंग सुरू झालं की रूपराव सायकलवरून बर्फ आणत, त्यात खडेमीठ घालत आणि माझं पोट गार ठेवत. एन्झाइम पुन्हा निघालं, आणि टिकलं. मयुरीनं मुलाखतीला चांगले आकडे नेले, बिघडलेलेही नेले. कसे बिघडले तेही सांगितलं. जागा मिळाली.

सहा वर्षांनी तिचा प्रबंध कॉलेजात आला. प्राचार्यांनी आभाराच्या पानावर आपलं नाव शोधलं. सापडलं नाही. रूपरावांचं होतं, दुसऱ्या ओळीत.

मी त्यांचा ऋणी आहे, मित्रांनो, आणि प्लग काढल्याचा राग मला कधीच आला नाही. राग आहे तो शिकलेल्यांचा. माझ्या आतला बर्फ खरवडा, झाकणाचं रबर बदला, ते हवंच. पण त्याआधी, मला रोज पुसणाऱ्या माणसाला शेजारी बसवून माझ्या पोटात काय आहे ते सांगा.