तेलाचा हात

पौषातली पहाट. खाडीवर धुकं, धुक्यावर माडांचे शेंडे. खालचं जग अजून राखाडी, आणि वर, अगदी वर, त्या हरितशिखांच्या टोकांवर सोन्याची बारीक रेघ उमटू लागलेली. कोकणात सूर्य आधी माडाला भेटतो, मग माणसाला. माणसांतही आधी पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला.

गुणाजी पाडेल्याला तीस वर्षं तो असा आधी भेटला. आश्विनात पाय सुटला, गुणाजी खाली आला, आणि तेव्हापासून सूर्य त्याला सगळ्यांत शेवटी भेटू लागला, पडवीतल्या बाजेवर, कौलाच्या फटीतून, उष्ट्यासारखा. कमरेखालचं अंग जड झालं होतं, परकं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बघू. त्या ‘बघू’वर गुणाजी तीन महिने जगत होता.

रोज पहाटे जयवंती, त्याची बायको, खोबरेलाची वाटी घेऊन यायची. थंडीने तेल थिजलेलं असायचं, शुभ्र, निश्चल. चुलीच्या वैलावर ठेवलं की कडेकडेने निवळायचं, आणि पडवीभर ओल्या खोबऱ्याचा गोड, जुना, ओळखीचा वास पसरायचा.

मग हात फिरायचा. मानेवरून पाठीवर, पाठीवरून मांड्यांवर. नुसत्या बोटांच्या टोकांचा हलका हात, सावकाश हात, न बोलणारा हात. “कूस बदलत राहा, कातडी कोरडी पडू देऊ नका, लाल दिसेल तिथे चोळू नका,” असं नर्सबाई सांगून गेल्या होत्या. जयवंतीने ते व्रतासारखं पाळलं. तीन महिने अंथरुणाला खिळलेला माणूस, पण पाठीवर एक फोड नाही. तुकतुकीत, तेलवर्णी पाठ. तेल मुरलं की त्याला झोपही लागायची.

तळव्यांना मात्र तो हात लावू देत नव्हता.

“तळवे सोड गे. थंय तेल नको.”

त्या तळव्यांवर तीस वर्षांचे माड होते. काळे, कठीण, सालीसारखे तळवे. निखाऱ्यावर ठेवले तरी कळू नये असे. अंग गेलं, कंबर गेली, पण ते घट्टे जोवर आहेत तोवर आपण पाडेली आहोत, असं गुणाजीने मनाशी धरलं होतं. वेडेपणाच तो. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर त्याची स्वतःच्या पायाची काडी होती.

पौष लागला आणि टाच चिरली. चिरेतून रक्त आलं. जयवंतीने त्याला विचारलंच नाही. वाटी घेऊन पायथ्याशी बसली आणि तळव्यांना तेल लावू लागली. गुणाजी ओरडला, मग रडला, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दिवसामागून दिवस तेल मुरत गेलं, दिवसामागून दिवस काळी साल सुटत गेली, एकेक माड त्याच्या पायावरून उतरत गेला. चीर भरली. पण आशेचं काय झालं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

तेल लावून झालं की जयवंती नुसत्या पाण्याने हात धुऊन बाहेर जायची. “वाडीत जावन येतंय.” आणि थोड्याच वेळात माडांतून आवाज सुरू व्हायचा. धप्प. मग शांतता. लांबच लांब शांतता. मग पुन्हा धप्प.

गुणाजी पडल्या पडल्या चिडायचा. नारळ पडायची लय कशी असावी ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. हा कोण उपटसुंभ? दोन नारळांमध्ये एवढा वेळ? घाबरतोय मेला! “कोण चढता तो?” त्याने विचारलं होतं. “नवो आसा कोणतरी,” जयवंती म्हणाली होती. “शिकतलो.”

काल तर कहरच झाला. खर्रर्र करून घसरल्याचा आवाज आला आणि बराच वेळ काहीच नाही. “तेलाच्या हातान चढता काय मेलो? मरतलो एक दिवस!” गुणाजी रिकाम्या पडवीत ओरडला. माडाला तेलाचा हात चालत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आणि आज, या पौषातल्या पहाटे, जयवंतीचा हात त्याच्या डाव्या तळव्यावरून फिरला, आणि गुणाजीला तो कळला.

आधी ऊब कळली. मग सुळसुळ. तीस वर्षं ज्या तळव्याला काटा कळला नव्हता, त्या तळव्याला बायकोचा हात कळला. तो हसणार होता, हाक मारणार होता. तेवढ्यात तिच्या बोटांच्या मुळाशी काहीतरी खरखरीत लागलं. एक. दोन. चार. गोल, कठीण, ओळखीचं.

त्याने मान वळवली. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला साल निघाली होती, ताजी, लालभडक.

“कदीपासून?”

जयवंतीचा हात थांबला. “दिवाळीपासून,” ती म्हणाली. “चूल थांबता काय कोणासाठी?”

गुणाजीला लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली. जे तेल त्याला वाचवत होतं, त्याच तेलाचा हात घेऊन ही रोज आभाळात चढत होती.

“चुलीतली राख हाड. थंड बगून.”

तिने आणली. त्याने तिचे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले आणि राखेने पुसले. बोट बोट पुसलं, रेघ रेघ पुसली, तेलाचा थेंबही ठेवला नाही. “सुक्या चुडताक, झावळाक हात घालू नको. ता सुटता. वर बग, खाली बगू नको.”

“उजव्या पायाक तेल लावचा रवला.”

“रवांदे. खाली इलंस काय लाव. आतापासून आधी माड, तेल मागीर.”

ती कोयता कमरेला अडकवून निघाली. धुक्यात आधी पदर दिसेनासा झाला, मग पावलं.

वाटीतलं तेल पुन्हा थिजू लागलं होतं. गुणाजीने वाटी उचलून छातीवर ठेवली, माडांनी घासून घासून काळ्या केलेल्या छातीवर, आणि दोन्ही हातांनी धरली.

धप्प.

मग शांतता. आज त्याला चिडता येईना. कडेकडेने तेल निवळत होतं, उजवा पाय वाट बघत होता, आणि दुसरा नारळ अजून पडायचा होता.