रविवारी बंद राहणारी गिरणी

मित्रांनो, मी एक जुनी गिरणी आहे. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या एका गावात, बाजारामागच्या गल्लीत उभी आहे. बायका चुन्यात शिजवलेला मका घमेल्यांत घेऊन येतात आणि मी त्याचं ओलं, मऊ पीठ करून देते. तीस वर्षं हेच चाललं आहे. खरं सांगू, आता माझे दगड झिजलेत, डिझेलचं इंजिन धापा टाकतं, आणि पहाटे हँडल फिरलं की नको नको होतं.

माझी मालकीण नोएमीबाई. नवरा गेला तेव्हा लोक तिला म्हणाले, गिरणी विकून टाक. तिने माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः हँडल मारलं. सहा दिवस काम. रविवारी मला कुलूप आणि ती चर्चला, हा तिचा नेम.

मग समोर मकारिओची विजेवरची गिरणी आली. ती सातही दिवस चालते. इथला बाजार रविवारचा, त्यामुळे खरी कमाई त्याच दिवशीची. माझी घमेली घटत घटत पाचावर आली. मकारिओ दारातून टोमणा मारायचा, “नोएमीबाई, तुमचा देव रविवारी झोपतो, माझी मोटर झोपत नाही.”

“झोपू दे की. सहा दिवस तुझी बडबड ऐकून तोही दमला असेल.”

पण आत येऊन खोक्यावर बसली की ती दिवसाची नाणी पुन्हा पुन्हा मोजायची. रविवारी उघडलं नाही तर वर्षअखेर मी भंगारात जाणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

एका शनिवारी मकारिओची आई वारली. आमच्याकडे मयताच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तमाल वाढतात, पानात बांधून उकडलेले मक्याचे मुटके. ते नसले तर गेलेल्या माणसाचा अपमान होतो. रविवारी सकाळी वीज गेली. शिजलेला मका तसाच राहिला तर आंबतो. मकारिओ सहा घमेली घेऊन आमच्या दारात आला आणि मान खाली घालून उभा राहिला. नोएमीबाई डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन चर्चला निघाली होती.

मला त्याचा रागच आला. माझा एवढा एकच सुट्टीचा दिवस! तिने मात्र ओढणी खुंटीला अडकवली आणि माझं कुलूप काढलं.

चर्चच्या पंचांपैकी एक, अब्दियास, जाता जाता थबकले. “नोएमीताई, आज रविवार. तुम्हीच धंदा करायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं?”

“धंदा बंदच आहे, भाऊ,” ती हँडल मारत म्हणाली. “दळण चालू आहे.”

मकारिओने खिशात हात घातला. “राहू दे,” ती म्हणाली, “तू आईपाशी जाऊन बस.”

सोमवारी नेहमीच्या पाच बायका आल्या. नोएमीबाईने मला हातही लावला नाही. “आज माझ्या गिरणीचा रविवार. कालचा राहिलाय तिचा.”

“मग आम्ही कुठे जायचं, बाई?”

“समोर. वीज आलीय, मकारिओचा मेहुणा बसलाय.”

पाचही जणी समोर गेल्या. मंगळवारी त्यांतल्या तिघीच परत आल्या. मकारिओची मोटर अजून रविवारी चालते; टोमणे मात्र थांबले आहेत.

वर्षअखेर मी असेन की नाही, कुणास ठाऊक. पण मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्याची सुट्टी कधी मोडावी लागलीच, मग ते यंत्र असो की माणूस, तर दुसऱ्या दिवशी ती परत द्या. मला ती एकदा मिळाली. त्या सोमवारी मी दिवसभर गार पडून होते, आणि माझ्या शेजारी खोक्यावर बसल्या बसल्या नोएमीबाईला गाढ झोप लागली होती.