पोटात वीज असलेली ट्रंक

मी एक जुनी लोखंडी ट्रंक आहे, मित्रांनो. पण झाकण उघडून साड्या शोधाल तर फसाल. माझ्या पोटात वीज आहे.

एके काळी मीही साड्याच सांभाळत होते. मग बजाजनगरच्या मंजुषाने मला माळ्यावरून खाली ओढले. ती कारखान्यात वायरिंगचे काम करते. तिच्या सोबतीला होता ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा वहाब. भंगारात निघालेल्या बॅटऱ्या उघडून त्याने एकेक सेल तपासला. दमदार तेवढे ठेवले, दमलेले बाजूला काढले. मंजुषाने ते जोडले, इन्व्हर्टर बसवला आणि माझ्या कुशीला भोके पाडून पंखा लावला. मी मनात म्हटले, अगं बाई, धडधाकट ट्रंकेला भोके कशाला? शिवाय तिने एक छोटी सर्किटपट्टी बसवली. आत फार तापले की ती वीज तोडते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे मला भारी कुतूहल होते. कारण निघाल्या वहाबच्या मावशी, गौहरखाला. त्यांच्या गळ्याचे तालुकाभर नाव होते. पण हुरडा पार्टीच्या वेळी शेतात हमखास वीज नसायची. मग जनरेटर आणायचे, आणि त्याच्या भडभडीत खालांचा हळवा आवाज बुडून जायचा. शेवटी त्यांनी बाहेर गाणेच सोडले.

"त्या भडभडीवर गायला माझा गळा म्हंजे काय भोंगा हाय का रे?" त्या वहाबला म्हणाल्या. "एकदाच येते. तुमची ट्रंक बंद पडली, तर पुन्हा माझं नाव काढायचं नाय."

चितेगावला मंजुषाच्या आत्याच्या, आशाबाईंच्या, शेतात पार्टी ठरली. आगटीत ज्वारीची कणसे भाजली जात होती. माझ्या जिवावर माईक चालू झाला, खाला गाऊ लागल्या आणि हुरडा चोळणारे हात थांबले. माझ्यातून निघते ती नुसती वीज, मित्रांनो. तिचा सूर नेमका कुठे होतो, हे मला अजूनही उमगलेले नाही.

दिवस मावळला, गारठा पडू लागला. आशाबाईंना माझी दया आली. त्यांनी जाड गोधडी आणून मला नीट गुंडाळले, कडाही आत खोचल्या. माया होती हो ती! पण माझा पंखा कोंडला, जीव गुदमरला, आणि ऐन अंतऱ्यात पट्टीने वीज तोडली.

माईक मुका झाला. खाला थांबल्या. "आणा रे जनरेटर!" मागून कोणीतरी ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मंजुषाने मला हात लावला. "बापरे, चटका बसतोय! गोधडी कुणी घातली?"

"मीच," आशाबाई ओशाळून म्हणाल्या. "उघड्यावर हाय, गारठंल म्हनलं. लेकराला पांघरतो तसं पांघरलं, बाई."

वहाबची मान खाली गेली. "खाला, निवायला जरा वेळ लागंल."

सगळे खालांकडे बघू लागले. त्यांनी ती गोधडी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "घेऊ द्या तिला दम," त्या म्हणाल्या. "मला पन दोन ओळींच्या मधी श्वास लागतोच की. जनरेटर नको."

कोणी उठून गेले नाही. आणखी थोडा हुरडा भाजला गेला, मी निवले, आणि जिथे तुटला होता तिथूनच खालांनी अंतरा उचलला.

त्यानंतर कितीतरी हिवाळे मी गाण्यांना वीज पुरवली, शाबासक्या मिळवल्या. पुढे मंजुषाने मोठी, नवी पेटी बांधली. मी कोपऱ्यात उपाशीपोटी पडून राहिले. सेलना रिकामे राहणे सोसत नाही. माझा दम उणावत गेला. फार वाईट वाटायचे.

एक दिवस खाला स्वतःच आल्या. "माझी ट्रंक कुठंय?"

"खाला, ती आता दोन गान्यांपुरतीच टिकते," वहाब म्हणाला.

"मग बरंच की. मी तरी कुठं जास्त टिकते?"

आता मी त्यांच्या अंगणात असते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर काम नसले तरी अधूनमधून त्याच्या पोटात थोडी वीज भरा. आणि मायेने गुंडाळण्याआधी ते श्वास कुठून घेते, तेवढे बघा. संध्याकाळी खाला गोधडी स्वतः पांघरतात, मला उघडीच ठेवतात, आणि आम्ही दोघी आमची दोन गाणी पुरवून पुरवून गातो.