अकरा शिड्या आणि एक

ताईंच्या कारखान्यात घडीच्या शिड्या तयार होत, आणि त्या शिड्यांचा ताईंना असलेला अभिमान काही लपून राहण्यातला नव्हता. कुणी पाहुणा म्हणून आला तरी आधी त्याला शिडीवर चढवायच्या. "मारा उडी वरच्या पायरीवर. मारा हो, घाबरता काय!" पाहुणा बिचारा चपला काढून उडी मारायचा, शिडी तसूभरही हलायची नाही, आणि मगच चहा यायचा.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे धाकटा भाऊ. सगळा कारखाना त्याला पाठीमागे 'रेडिओ' म्हणे, आणि कानावर आलं की तो खूशच होई. त्याने तोंड उघडलं की दुकानदार शिडी घेतल्याशिवाय सुटायचा नाही. विक्रीवर माणसं दहा होती, पण दहा शिड्या खपल्या तर त्यातल्या सात एकट्या रेडिओच्या. ताई हे चारचौघांत कौतुकाने सांगत.

मग रेडिओला टायफॉइड झाला. तीन आठवडे तो अंथरुणाला खिळला आणि इकडे शिड्या गोदामातून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत आल्या. उरलेले नऊ जण सकाळी बॅगा घेऊन जात आणि संध्याकाळी चेहरे पाडून परत येत. एका सकाळी फाटक उघडायला शिड्या बाजूला ओढाव्या लागल्या, तेव्हा ताईंचे डोळे उघडले. उद्या हा पुन्हा आजारी पडला तर? कारखाना एका माणसाच्या घशावर चालत होता, आणि त्याचं आपण इतकी वर्षं कौतुक करत होतो! विक्रीप्रमुख नेमायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

"नेमायचं काय त्यात?" बरा होऊन आलेला रेडिओ म्हणाला. "मी आहे की. खुर्ची तेवढी फिरती दे."

"तूही ये मुलाखतीला. तिघं जण आहात."

"माझी मुलाखत? आणि तू घेणार? लहानपणी माझं नाक पुसायचीस तू!"

"म्हणून तर तुझी माहिती पक्की आहे," ताई म्हणाल्या.

मुलाखत म्हणजे काय, तर प्रत्येकाने एकेक दिवस हळूबाईंना सोबत घेऊन बाजारात फिरून यायचं. एवढंच. हळूबाई चौदा वर्षं पॅकिंगमध्ये काढून मग विक्रीत आलेल्या. बाई गुणाची, पण आवाज असा की समोरच्याला दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागे. चार वर्षं त्या रेडिओच्याच गाडीतून हिंडत होत्या आणि विक्रीत सगळ्यांच्या मागे होत्या.

पहिल्या दिवशी मोठ्या कंपनीतले एक टायवाले गृहस्थ गेले. त्यांनी चार शिड्या विकल्या. हळूबाईंना त्यांनी "तुम्ही कशाला उन्हात येता?" म्हणून गाडीतच बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ. तो परत आल्याचं फाटकापासूनच कळलं. "अकरा! ताई, अकरा! हळूबाई, सांगा हिला, तो रंगाचा दुकानदार कसा नाही नाही म्हणत होता!" आणि हळूबाईंनी तोंड उघडायच्या आत त्याने ते स्वतःच सांगून टाकलं, नकलेसकट. ताई पोट धरून हसल्या. भाऊ हिराच होता, त्यात शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी शाळेची बाकं बनवणाऱ्या कंपनीतल्या एक बाई गेल्या. चष्मा, साधी पिशवी, बोलणं मोजकं. संध्याकाळी त्या आणि हळूबाई ताईंच्या खोलीत आल्या तेव्हा रेडिओ तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर बसला होता.

"किती?" ताईंनी विचारलं.

"एक."

"एक?" रेडिओ खो खो हसला. "अहो, एक तर दुकानदार दया येऊनही घेतो!"

"तीसुद्धा मी नाही विकली," बाकवाल्या बाई म्हणाल्या. "यांनी विकली."

"मग तुम्ही काय करत होतात?" ताईंनी विचारलं.

"जीव मुठीत धरून गप्प बसले होते. चार दुकानांत यांचं जमलं नाही. बाहेर आल्यावर मी प्रत्येक वेळी एवढंच विचारलं, आत सांगायचं काय राहिलं? पाचव्या दुकानात त्यांनी ते आतच सांगितलं."

"काय सांगितलं?" रेडिओने विचारलं.

हळूबाईंनी आशेने बाकवाल्या बाईंकडे पाहिलं. बाई पिशवीचा बंद नीट करत बसल्या, मदतीला काही आल्या नाहीत. मग हळूबाई उठल्या, भिंतीशी टेकवलेली शिडी त्यांनी उघडली. खट्.

"हा आवाज," त्या म्हणाल्या. "खटका नीट बसला की एकच येतो. दोन आले तर ती शिडी घ्यायची नाही, आमची असली तरी. चौदा वर्षं प्रत्येक शिडी मी कानाने तपासून बांधली आहे. हे मी त्या दुकानदाराला सांगितलं. त्याने त्याच्याकडची दुसऱ्या कंपनीची उघडून पाहिली. तिचे दोन आले."

ताईंनी स्वतः त्या शिड्यांवर शेकडो लोकांना उड्या मारायला लावल्या होत्या, पण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चार वर्षं माझ्या गाडीत बसताय तुम्ही," रेडिओ म्हणाला. "हे कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात, दादा."

टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते वर्मी लागलं. रेडिओ टेबलावरून उतरला, शिडी मिटली, उघडली, कान लावून ऐकलं, पुन्हा मिटली. प्रमुख कोणाला करायचं हे ताईंना कळून चुकलं होतं, पण भावाला सांगायचं कसं, ते सुचत नव्हतं.

"ताई," पाठमोराच तो म्हणाला, "फिरती खुर्ची नको मला. चक्कर येते. या बाईंना दे."

बाकवाल्या बाई रुजू झाल्या. त्यांचा पहिलाच हुकूम असा की महिनाभर रेडिओने हळूबाईंबरोबर जायचं, पण दुकानात ब्र काढायचा नाही. सारा कारखाना गालातल्या गालात हसला. आठ दिवसही टिकणार नाही, असंच सगळे म्हणत होते.

महिना संपला त्या संध्याकाळी गाडी आत आली, पण फाटकापासून काही ऐकू आलं नाही. ताईंना वाटलं, पुन्हा ताप भरला की काय. तेवढ्यात दार उघडून रेडिओ आत आला. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. मागे हळूबाई.

"किती?" ताईंनी त्यालाच विचारलं.

त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग खुर्ची ओढून हळूबाईंना बसायला दिली आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"त्यांना विचार," तो म्हणाला, आणि हसू त्याच्या चेहऱ्यावर मावेना.

त्याने अकरा शिड्या विकल्या त्या दिवशीही ताईंना भावाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. डोळे पुसत त्या हळूबाईंकडे वळल्या.

"बारा," हळूबाई म्हणाल्या, आणि ते पार फाटकापर्यंत ऐकू गेलं.