मालकाला पटलेला मुद्दा

कृत्रिम दात बनवणाऱ्या त्या लॅबच्या मालकाला सगळे पाठीमागे चिकटराव म्हणत. बल्ब गेला तरी आठवडाभर अंधारात चाचपडायला लावणारा माणूस. आणि त्याच्याच खर्चानं तिला संगणकावर दात घडवण्याचा कोर्स करायचा होता.

त्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या मामानं तिला या कामाला लावलं होतं. मेणातून दात कोरावा तर मामानंच. तोच म्हणायचा, "मागत राहा. मी कधी तोंड उघडलं नाही, म्हणून जन्मभर मेण खरवडत बसलो."

पहिल्यांदा ती मालकाला म्हणाली, "काम जास्त सुबक होईल."

"आत्ता काय वाकडं होतंय?"

मग तिनं सांगितलं, की दातांचे डॉक्टर मशीनवाल्या लॅबकडे वळताहेत.

"वळू देत. येतील झक मारत परत. आणि शिकलीस की तुला पंख फुटणार. मग कोण थांबतंय इथं?"

"थांबेन की, तसा करार लिहून देते."

मालकानं नकारार्थी मान हलवली. पुढच्या खेपेला मात्र तिचा तोल गेला. "अहो, त्या मशीनवर एक माणूस चौघांचं काम करतो!"

मालकानं कप खाली ठेवला. "चौघांचं?"

त्याच आठवड्यात करारावर तिची सही झाली.

सगळ्यात जास्त आनंद मामाला झाला. "चिकटरावाला पाझर फोडला माझ्या भाचीनं!" असं तो येईल त्याला सांगत सुटला. ती क्लासला लवकर निघायची, तेव्हा तिचं उरलेलं काम तोच निपटायचा. ती पास झाली. मशीन आलं. ते नीट चालायला लागलं आणि मालकानं मामाला केबिनमध्ये बोलावलं. सोबत हातकामाच्या खोलीतल्या आणखी दोघांनाही.

कळल्यावर ती तरातरा आत गेली. "मामाला काढलंत?"

"तूच तर म्हणालीस, एक माणूस चौघांचं काम करतो."

"मी मामाबद्दल नव्हतं म्हटलं!"

"मग कोणाबद्दल म्हटलं होतंस?"

"मग मीही येणार नाही," ती म्हणाली.

"नको येऊस. करार वाच आणि कोर्सचा खर्च भरून जा."

बाहेर मामा आपली हत्यारं फडक्यात गुंडाळत होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. "उगाच नोकरीवर लाथ मारू नकोस," तो खाली मान घालून म्हणाला. "दोघांनी घरी बसून काय माश्या मारायच्या?"

तिला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटतंय, याचीच तिला शिसारी आली.

सुट्टीच्या दिवशी ती फळं घेऊन मामाकडे गेली. मामीनं दार अर्धंच उघडलं.

"झोपलेत ते."

आतून मामाचा आवाज येत होता. तो फोनवर कोणाशी तरी अजिजीनं बोलत होता. "हो, हो, हातानं सगळं येतं... नाही, मशीनवरचं नाही येत. पण शिकेन की. तुम्ही शिकवाल का?"

मामीनं तिच्याकडे पाहिलं, फळांकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.