फुकटची शिकवणी

मुकीचा हिशेब सरळ होता. मालकिणीची भाषा चारचौघांत बोलता आली, की मोठ्या शाळेत मुलीची जागा पक्की. लेखी परीक्षा पोरीने काढली होती. आता पालकाने मुख्याध्यापिकेशी त्या भाषेत दहा मिनिटं बोलायचं तेवढं राहिलं होतं. वर 'मुकी' हे नावही पुसलं गेलं असतं. दूरच्या गावाहून आल्यावर पहिली दोन वर्षं ती नुसती मान हलवायची, म्हणून मालकिणीने ते ठेवलं होतं. आणि खर्च? काही नाही. भांडी घासता घासता नऊ वर्षं भाषा कानावर फुकट पडत होती.

मुलगी म्हणाली, "आई, माझ्याशी बोलून बघ ना आधी."

"तुझी रस्त्यावरची भाषा, बयो. माझी बंगल्यातली आहे."

मुकी शिकली होती ती प्रसंगावरून. मालकिणीला ऐकू आलं नाही, की ती म्हणे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल!" म्हणजे ऐकू आलं नाही की हे म्हणायचं. काही समजावलं की, "एकदा सांगितलेलं कळतं ना?" म्हणजे हे समजावल्यावर. आणि संध्याकाळी ओटा लख्ख झाला की मालकीण सुस्कारा सोडे, "झालं एकदाचं! नीघ आता." काम आटोपल्यावर त्या घरात दुसरं काही कुणी कधी म्हटलंच नव्हतं. तेव्हा आभार मानतात ते असेच, असं मुकीने धरून ठेवलं. मालकिणीचा हेलसुद्धा तिने हुबेहूब उचलला होता.

ठरल्या दिवशी मुलीला बाहेर बाकावर बसवून ती इस्त्रीच्या साडीत आत गेली.

मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "या, बसा. मुलीला वाचायला काय आवडतं?"

प्रश्न भरकन गेला. मुकी अदबीने पुढे वाकली. "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? नीट बोल!"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी प्रश्न सावकाश, एकेक शब्द तोडून पुन्हा विचारला. मुकीला आता कळलं, पण पुस्तकांबद्दल तिच्याकडे वाक्यच नव्हतं. तिने होतं त्यातलं सर्वांत भारी कौतुक काढलं. "पोरगी कामाची आहे. सांगितलं तेवढं करते. उलट बोलत नाही." आणि गोड हसून, "एकदा सांगितलेलं कळतं ना?"

"कळलं," बाई म्हणाल्या आणि कागदावर दोन ओळी लिहून त्यांनी घडी घातली.

मुकीने घडी कपाळाला लावली, डोळे भरून आले, हात जोडले. "झालं एकदाचं! नीघ आता."

पायऱ्यांवर मुलीने घडी उघडली. 'पालकांचं वागणं शाळेला साजेसं नाही. प्रवेश देता येत नाही.'

"आई, तू काय बोललीस गं आत?"

मुकीने सगळं म्हणून दाखवलं, हेलासकट. पोरीचा चेहरा उतरत गेला.

"असं कुणी बोलतं का, आई?"

"मालकीण बोलते."

"कुणाशी?"

मुकीने कागद तिच्या हातातून घेतला, पुन्हा घडी घातली आणि कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी मालकिणीने कागद वाचला, सगळा प्रकार काढून घेतला आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "शी! परक्या बाईशी असं बोलतात? कुणी शिकवलं तुला हे?"

मुकीने खरकटी भांडी पुढे ओढली.

"अगं, 'जरा सांगता का' म्हणावं. 'आभारी आहे' म्हणावं. म्हण बघू!"

मुकीने दोन्ही म्हणून दाखवलं. नऊ वर्षांत हे शब्द तिच्या कानावर आज पहिल्यांदा पडत होते.

"हं. झालं एकदाचं," मालकीण म्हणाली, "नीघ आता." या खेपेला मुकीला त्याचा अर्थ बरोबर लागला.

मालकिणीला सांगायला एक किस्सा मिळाला. महिनाभर पाहुण्यांत तो चांगला खपला. मुख्याध्यापिकांच्या यादीतली जागा आठवड्यात भरली. मुकी मुकीच राहिली, आता आपणहून. आणि मुलगी आईबरोबर बंगल्यावर येऊ लागली. खालचे कप्पे पुसता पुसता तीही बंगल्यातली भाषा शिकते आहे. शिकवणी अजून फुकटच आहे; आईच्या नऊ वर्षांची फी तेवढी पोरीने भरली.